जमिनीवर पडलेला दाणा

हे तुमच्यापैकी कोणी खरं मानणार नाही. मानूच नका. मी जन्मभर इतक्या थापा मारल्या आहेत की "माल्थाके म्हणते पाऊस आलाय" असं कोणी सांगितलं, तर लोक आधी हात बाहेर काढून बघतात. पण खालच्या, मेलेल्यांच्या राज्यातल्या त्या लेकीशी समोरासमोर बोलून परत आलेली बाई या गावात एकच आहे, आणि ती तुमच्यापुढे निर्गुंडीच्या फांद्यांवर बसून पाठ खाजवते आहे.

"झाली सुरुवात," आर्खिला म्हणते. आर्खिला आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो, म्हणून माझा अपमान करायचा तिला हक्क आहे. "मागच्या वर्षी कोण भेटलं होतं गं? बोलणारा बोकड ना?"

"बोकड नव्हता, तुझा नवरा होता. दाढीवरून फसले."

हसा, हसा. आज हसायचाच दिवस आहे. पोटात काही नाही, पुरुष गावात आपापल्या चुली फुंकत बसलेत, आणि डिमीटर आईच्या या टेकडीवर आपल्या बायकांशिवाय चिटपाखरू नाही. लेक पळवून खाली नेली तेव्हा आई अशीच भुईवर बसली होती, अन्नाला न शिवता. कोण्या म्हातारीने अचकटविचकट बोलून तिला हसवलं. तेव्हापासून या उपासाला तोंड सैल सोडलेलं चालतं.

"कोणती लेक? पर्सेफो..." फिलिता विचारते. ही यंदाचीच सून, कोवळी आहे.

चार जणी एकदम तिच्या तोंडावर हात ठेवतात. थुंक, पोरी, आधी पदरात थुंक. माहेरी काय शिकवलं तुला? खड्डा तिथे दिसतोय आणि ही नाव घेते! इथे तिला नुसतं लेक म्हणायचं. तिच्या नवऱ्याला धनी म्हणायचं. आणि तेही खड्ड्याकडे पाठ करून.

"चुकलं," फिलिता म्हणते. "भुकेने काही सुचत नाही. आणि त्या टोपलीतून वास येतोय मधाचा."

"तिकडे बघूसुद्धा नकोस," आर्खिला म्हणते. "उद्या पहाटे खड्ड्यात उतरणाऱ्यांसाठी आहेत त्या तिळाच्या वड्या. पुजारीणबाई स्वतःच्या हाताने भरवते, गिळलेलं बघते, मगच शिडीवर पाय ठेवू देते. भुकेल्या पोटी तिथे जायचं नसतं."

"का?"

"कोणी काही पुढे केलं तर? तिथलं खाल्लं की माणूस तिथलंच होतं."

आता कोणी हसत नाही. बरं आहे. मला हेच हवं होतं, कारण ही गोष्ट मी तुमच्यासाठी सांगत नाही. ती टोपलीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे ना, माझी मिका, तिच्यासाठी सांगते आहे. उद्या उतरायला गावाने तिला निवडलंय. मी नको नको म्हणून गावभर फिरले, पण थापाड्या बाईचं ऐकतो कोण? मिकाही ऐकत नाही. ती माझ्याशी फारसं बोलतच नाही. पोरीला हिवाळ्यात आई लागायची तेव्हा मी घरात नसायचे. आर्खिलाने तिला वाढवली म्हटलं तरी चालेल.

"मग थांब की यंदा," आर्खिला म्हणते. "उद्या सण आटोपला की निघालीस तू मेगाराला मावशीकडे, ऑलिव्ह पाडायला. पेरणीलाही थांबत नाहीस. मग बदाम फुलेपर्यंत तोंड दाखवायची नाहीस. माल्थे, तुझे दात पडले गं, तुझी ती मावशी अजून मेली कशी नाही?"

"ती मरणाऱ्यांतली नाही."

"आणि इतक्या वर्षांत तेलाचा एक बुधला तरी आणलास का तिच्याकडून?"

"चिकट आहे."

"आई," मिका तिकडून म्हणते, "आमचे हे उन्हाळ्यात मेगाराला गेले होते ना मीठ आणायला, तेव्हा..."

"मधे बोलू नकोस. गोष्ट तुटते."

तर. मिका तेव्हा एवढीशी होती, पुढचे दोन दात पडलेली. शरदात ओढ्याकाठचा ताप येतो, तो तिला आला. आणि त्याच वर्षी खड्ड्यात उतरायला मला निवडलेलं. तुम्हाला ठाऊक आहे, उतरणारीला सणाआधीपासून घरी जाता येत नाही, पोराला शिवता येत नाही. मी पोरीला सासूच्या हवाली करून टेकडीवर आले. उपासाच्या दिवशी, अशाच उन्हात, सासूचा निरोप आला: पोरगी पाणी घेत नाही. डोळे उघडे आहेत, पण बघत नाहीत. आणि केस कापायची कातर घासून ठेवली आहे. माझ्या सासूला कामं वेळेआधी करून ठेवायची सवय होती. माणूस मरण्याआधीच तिची सुतकाची तयारी झालेली असायची.

पळत घरी गेले असते तर सण बाटला असता, आणि पोर तरीही गेली असती. मी रात्रभर भुईवर पडून एकच विचार केला. पोरीला जी नेते आहे ती जिथे राहते, तिथेच तर हे लोक उद्या मला शिडी लावून सोडणार आहेत.

पहाट झाली. मला टोपली दिली, कमरेला दोर बांधला. बायका खड्ड्याभोवती उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. फिलिता, तुला सांगते, उन्हाळ्यात आपण जी डुकराची पिल्लं खाली टाकतो त्यांच्यावर सापांचं पोट भरतं. उरलंसुरलं कुजतं, ते वर आणून बियाण्यात कालवायचं. टाळ्या चालू असल्या की साप कपारीत जातात. सगळ्या असंच समजतात की टाळ्या सापांसाठी असतात.

टाळ्या सापांसाठी नसतात. टाळ्या चालू असेपर्यंत तो नुसता खड्डा असतो, एवढंच.

हे मला माझ्या आजीने सांगितलं होतं, आणि तीही माझ्याइतकीच थापाडी होती, पण त्या दिवशी मला दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून शिडीच्या मधोमध मी थांबले, मान वर केली आणि ओरडून म्हटलं, "बायांनो, धन्याने बायको पळवून का आणली, ठाऊक आहे? आधी रीतीने मागणी घालत घरोघर फिरला होता तो. प्रत्येक पोरीने एकच उत्तर दिलं, 'येईन की! पण मेल्यावर.'"

बघा. तुम्हीसुद्धा हसलात. त्याही अशाच हसल्या, एकमेकींच्या अंगावर पडून. आणि हसणाऱ्या बाईचे हात पोटावर जातात. टाळ्या थांबल्या.

खाली अशी शांतता पडली की मला माझ्या पापण्यांची उघडझाप ऐकू येत होती. वरचं हसणं दिसत होतं, तोंडं उघडी, खांदे हलताहेत, पण आवाज नाही. मग साप निघाले. माझ्याकडे एकानेही पाहिलं नाही. संध्याकाळी शेळ्या गोठ्याकडे वळतात तसे सगळे एका दिशेने गेले, जिथे मी वरून नेहमी नुसती भिंत पाहिली होती. तिथे भिंत नव्हती.

कमरेचा दोर मी सोडला. नाही, खोटं कशाला बोलू? मी सोडला नाही. खाली पाहिलं तर तो नव्हताच.

कुजका वास एकाएकी संपला आणि पुदिन्याचा वास आला. पायाखाली गारगार पानं. दिसायला पांढरी, उन्ह न लागलेल्या गवतासारखी. मी सवयीने बाजूने जायला लागले, कोणाच्या वाफ्यात पाय कशाला द्या.

"बाजूने नको," कोणीतरी म्हणालं. "तिच्यावरून ये. नीट तुडव."

तेव्हा आठवलं, धन्याची लग्नाआधी मिन्थे नावाची एक होती. ती बढाया मारत फिरायची की तो परत माझ्याकडेच येईल. लेकीने तिला पायाखाली घेतलं आणि तिचा पुदिना झाला. मी तुडवत गेले. पाय उचलला की खालून बारीक आवाज यायचा, चिमटा काढल्यावर झोपलेलं माणूस करतं तसा. वरचा वास गोड, आणि तो आवाज. अजून मी भाजीत पुदिना घालत नाही, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

ती एका चौरंगावर लोकर पिंजत बसली होती. दिसायला माझ्याहून लहान, या फिलितापेक्षाही लहान. पण तिने मान वर केली तेव्हा मला माझी सासूसुद्धा तान्ही वाटली. शेजारी एक मोठी खुर्ची होती, रिकामी. रिकाम्या खुर्चीकडे आपण पाहत नाही. मला मात्र त्या खुर्चीकडे बघायची हिंमत होईना, आणि तिच्यावरून लक्षही हटेना.

"ते मागणीचं काय म्हणालीस? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ती हसली नाही. खुर्चीतून कोणीतरी नाकाने हळूच श्वास सोडला.

"ह्यांना आवडलं," ती म्हणाली. "बऱ्याच काळात ह्यांना काही आवडलं नव्हतं. पण तुझी गोष्ट चुकीची आहे. मागणी रीतीनेच घातली होती, माझ्या बापाकडे. बापाने हो म्हटलं. मला आणि आईला विचारायचं राहून गेलं, इतकंच." लोकरीतली एक काडी तिने काढून टाकली. "तू कोणाची आई?"

"मिकाची."

"ती बघ."

लहान मुलं ओळीने बसली होती. खूप मुलं. बायांनो, तुम्ही कधी मुलं अशी गप्प बसलेली पाहिली आहेत का? कोणी कोणाला ढकलत नाही, कोणी नाक ओढत नाही. माझी मिका टोकाला होती. तिच्यासमोर भुईवर डाळिंबाचा एक लाल दाणा पडला होता आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"हट्टी आहे," लेक म्हणाली. "मी हातावर ठेवला, तर तिने पाडला. आता उचलत नाही. म्हणते, भुईवर पडलेला डाळिंबाचा दाणा मेलेल्यांचा असतो, खाल्ला तर आई मारते."

मी मारलंच होतं तिला, मागच्याच सणाला, हातावर चापट. तुम्हा सगळ्यांना आपापल्या आयांनी मारलं आहे अशाच सणाला. त्या चापटीने पोर वाचली, दुसऱ्या कशाने नाही.

"मग तिने खाल्लेला नाही," मी म्हटलं. "सोड तिला."

ती पिंजायची थांबली. "तू शिडीने आलीस?"

"हो."

"नुसती शिडी लावून?"

"आणि एक टोपली."

तिने खुर्चीकडे पाहिलं, जन्माचे जोडीदार एकमेकांकडे पाहतात तसं. मग म्हणाली, "माझी आई माझ्यासाठी रडली. शेतं वाळवली. माणसं उपाशी मारली. देवांना तिच्या दारात उभं केलं. सगळं केलं तिने, फक्त खाली आली नाही. मी वाट बघत होते. लोक म्हणतात, मला फसवून दाणे खायला घातले. कोणी फसवलं नाही. आई येत नाही हे कळलं, त्या दिवशी मला भूक लागली."

आपण इथे दर वर्षी त्या आईसाठी उपाशी बसतो.

"आता दर वसंतात वर गेले की ती मला जवळ घेते आणि केसांचा वास घेते, पुदिन्याचा येतो का ते बघायला. खाली आले की हे काहीच विचारत नाहीत. मला कुठे बरं वाटतं, ते तू विचारू नकोस." तिने हात झटकले. "पोरीला ने. पण दाणा सोललेला आहे. सोललेला दाणा फळात परत जात नाही. कोणीतरी खायला हवा. जो खाईल त्याने दर वर्षी हा सण आटोपला की माझ्याकडे यायचं, आणि बदाम फुलले की माझ्याबरोबर वर जायचं. तेवढीच मला सोबत."

खुर्ची करकरली. ओळीतल्या सगळ्या मुलांनी एकदम माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मिका सोडून सगळ्यांनी.

"मग?" फिलिता म्हणते. तिने आर्खिलाचा हात धरून ठेवलाय.

मग, पोरी, माझं डोकं चाललं. आयुष्यभर थापा मारल्याचा एक दिवस उपयोग होतो. मी दोन्ही तळवे पुढे केले आणि म्हटलं, "देवी, मी आनंदाने खाल्ला असता. पण काय करू, मला उपास आहे. तुझ्याच आईचा. पोटात अन्नाचा कण नाही. तिचा उपास तुझ्याच घरी मोडला, तर तिला कसं वाटेल? पुन्हा शेतं वाळवायला बसेल ती." आईचं नाव निघालं आणि ती एकदम लहान झाली बघा, आईने आणलेलं नवं लुगडं चिखलाने माखून घरी आलेली पोर असते तशी. "आईचा उपास," ती पुटपुटली. वाकून दाणा उचलला, मुठीत धरला. म्हणाली, "जा मग."

मिकाचा हात धरून मी त्या पुदिन्यातून अशी पळाले की मिन्थेच्या सगळ्या बरगड्या मोडल्या असतील. मिका मधेच हातातून सुटली, धुकं सुटावं तशी. पुढचं कळलं तेव्हा मी शिडीवर होते, टोपली भरलेली, कमरेला दोर, आणि वर टाळ्या. हसून हसून लाल झालेल्या तोंडांनी त्या टाळ्या वाजवत होत्या. पुजारीण म्हणाली, "चावट मेली, लवकर ये वर."

सण आटोपताच घरी धावले. मिका अंथरुणात उठून बसली होती आणि मसुरीची आमटी मागत होती. सासू जराशी नाराजच दिसली. कातर फुकट घासली गेली ना.

"तुझी गोष्ट म्हणून बरी आहे," आर्खिला म्हणते, पण तिचा आवाज बसलाय. "बोकडापेक्षा बरी."

म्हणून सांगते, मिका, आणि तुम्ही सगळ्या ऐका. उद्या माझी पोर खाली असेल तेव्हा एकीनेही हसायचं नाही. टाळी थांबवायची नाही. हात दुखले तरी, हातांची सालं निघाली तरी. आणि मिका, तुला पुदिन्याचा वास आला तर मागे वळ. कोणी दाणा पुढे केला, तर मूठ मिटून घे. तो आधी इतका गोड लागतो की डोळ्यांत पाणी येतं, आणि मग जिभेवर सुरीचं पातं ठेवल्यासारखं थंड होतं, आणि ते थंड नंतर कधी जात नाही, उन्हाळ्यात उन्हात बसलं तरी...

काय झालं? अशा का बघता?

वारा पडलाय. फिलिताने आर्खिलाचा हात सोडलाय. मिका उठून उभी राहिली आहे. तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलंय आणि आतल्या वड्यांकडे बघते आहे.

"आई," ती म्हणते, "तू पहाटे उतरलीस ना? दुसऱ्या दिवशी?"

"पहाटेच उतरतात."

"मग उपास कसला? तो सुटला होता. पुजारीणबाईने तुला वडी भरवली असणार, गिळलेली बघितली असणार. उद्या मला भरवणार आहे तशी."

"तेव्हा रीत जरा वेगळी..."

"रीत हीच होती," आर्खिला हळूच म्हणते. "मी उभी होते तिथे. तू सगळी खाल्लीस, माल्थे. तीळ हनुवटीला लागले होते तुझ्या."

"आणि ह्यांनी मेगाराला घरोघर विचारलं," मिका म्हणते. माझ्याकडे ती इतका वेळ सलग कधी बघत नाही. "तिथे तुझी कोणी मावशी नाही. कधीच नव्हती. आई, खोटं बोलतेस तू. तो दाणा तू खाल्लास."